नायसियाच्या वेदीखाली काय पडलं?

गोष्ट अशी सांगतात. इ. स. 325 मध्ये नायसिया गावात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, ख्रिस्ती बिशपांची सभा भरली. येशूबद्दलची पुस्तकं तोवर उदंड झाली होती. खरी कुठली आणि बनावट कुठली, काही पत्ता लागेना. मग सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून सभेनं प्रार्थना केली, की देवा, जी तुझी असतील ती वर राहू देत, बाकीची खाली जाऊ देत. तसंच झालं. वर राहिली त्यांचं बायबल बनलं.

हा प्रकार पहिल्यांदा लिहिलेला आढळतो तो नवव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक संकलनात. म्हणजे सभा उठून साडेपाचशे वर्षं होऊन गेल्यावर. अठराव्या शतकात ही गोष्ट व्होल्तेअरच्या हाती लागली आणि त्यानं ती चर्चची टर उडवायला वापरली. तिथून फिरत फिरत ती आता आपल्या मोबाईलपर्यंत पोचली आहे. वाटेत वेदी गळाली, प्रार्थना गळाली, आणि कॉन्स्टंटाईन बादशहा पुढे आला. त्यानं म्हणे मतदान घेऊन बायबल ठरवलं आणि नको ती पुस्तकं जाळून टाकली. चमत्काराच्या जागी कारस्थान बसलं, गोष्ट तीच राहिली.

नायसियात वाद होता तो एरियस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूमुळे. पुत्र हा पित्यासारखाच अनादी, की पित्यानं निर्माण केलेला? यावर भांडण इतकं पेटलं होतं की नुकत्याच एका छत्राखाली आलेल्या साम्राज्यात बादशहाला ते परवडणारं नव्हतं. त्याशिवाय ईस्टर कधी पाळायचा हे ठरलं आणि 20 नियम झाले. धर्मगुरूनं व्याजबट्टा करू नये, रविवारी गुडघे न टेकता उभ्यानं प्रार्थना करावी, असले ते नियम. ग्रीकमध्ये त्यांना 'कॅनन' म्हणतात, आणि पुस्तकांच्या मान्य यादीलाही 'कॅनन'च म्हणतात. घोटाळ्याला हा शब्दही थोडा कारण झाला असावा. पण त्या विसांत पुस्तकांची यादी नाही. जाळायचा हुकूम कॉन्स्टंटाईननं काढला खरा, तो एरियसच्या लेखनाबद्दल.

माझं म्हणणं एवढंच आहे की ख्रिस्ती धर्माचा ग्रंथ कुणी बादशहानं बसून बनवला नाही आणि तो वरून तयारही उतरला नाही. आधी माणसं जमली, ती आपसांत भांडली, एकमेकांना पत्रं लिहीत राहिली, आणि त्या भांडणांचा जो गाळ तीनशे वर्षांत साचला त्याला पुढे पवित्र शास्त्र म्हणू लागले. हे भाविकाला खटकतं, कारण त्यात देव थेट बोलताना दिसत नाही. टीकाकारालाही खटकतं, कारण त्यात खलनायक सापडत नाही.

भांडण म्हणजे किती भांडण, ते पहिल्या पिढीतला प्रचारक पौल यानं गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात बघावं. बायबलच्या ख्रिस्ती भागात, म्हणजे नव्या करारात, शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) आधी छापतात म्हणून ती आधीची वाटतात, पण सर्वांत जुनं लिखाण पौलाच्या पत्रांचं. त्यातलं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र साधारण इ. स. 50 चं. हा काळ नक्की सांगता येतो तो ग्रीसमधल्या डेल्फीच्या एका शिलालेखामुळे. पौलाला करिंथमध्ये ज्या गल्लियो नावाच्या रोमन अधिकाऱ्यापुढे उभं केलं होतं (हा तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ), त्याचं नाव त्यात आहे, आणि त्यावरून तो 51-52 च्या सुमारास तिथे होता हे ठरतं. येशूला क्रुसावर दिलं ते इ. स. 30 च्या आगेमागे. म्हणजे अंतर जेमतेम वीस वर्षांचं.

तर गलतीकरांच्या पत्रात पौल सीरियातल्या अंत्युखियातली एक हकीकत सांगतो. तिथे येशूला मानणारे यहुदी आणि येशूला मानणारे परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, एका पंगतीला जेवत. येशूचा पट्टशिष्य पेत्रही त्यांच्यात बसून जेवायचा. मग येरुशलेमहून याकोबाची माणसं आली. हा याकोब म्हणजे येशूचा भाऊ, तिथल्या मंडळीचा प्रमुख. त्यांना बघताच पेत्र पंगतीतून उठला आणि वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहुदी उठले, पौलाचा जोडीदार बर्णबासुद्धा उठला. पौल म्हणतो, मी सगळ्यांच्या देखत पेत्राला तोंडावर सुनावलं.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही. ज्या भाषेत 'पंक्तिभेद' असा शब्द आहे तिला अंत्युखियात त्या दिवशी काय झालं ते नीट कळतं. सुंता न झालेल्या माणसाच्या मांडीला मांडी लावून जेवायचं की नाही, या प्रश्नातून हा धर्म यहुदी धर्मातून हळूहळू बाहेर पडला. त्रैक्य, अवतार, मूळ पाप ही सगळी नंतरची चर्चा. आधी प्रश्न ताटाचा होता. त्यावर चिडून पौल त्याच पत्रात लिहितो की सुंतेचा आग्रह धरून तुम्हाला त्रास देणाऱ्यांनी स्वतःचं पुरतंच छाटून घ्यावं. हे वाक्य आजही बायबलात आहे, भाषांतरकार जरा मऊ करून घेतात इतकंच.

आणि या भांडणात जिंकलं कोण? पौल सांगत नाही. जिंकला असता तर सांगितल्याशिवाय राहिला नसता, असा माझा अंदाज. पुष्कळ अभ्यासकांचाही आहे. पुढे तीसेक वर्षांनी 'प्रेषितांची कृत्ये' हे नव्या करारातलं पुस्तक लिहिणाऱ्यानं या काळाचा इतिहास मांडला तेव्हा ही पंगत गाळली. त्याच्या मते पौल आणि बर्णबा वेगळे झाले ते प्रवासात मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून. ही दोन्ही पुस्तकं आज एकाच बांधणीत, काही पानांच्या अंतरानं शिवलेली आहेत. सोयीचा इतिहास रचायला बसलेलं कुठलं कारस्थानी मंडळ हे असं ठेवील?

पौलाच्या 'शास्त्रात असे लिहिले आहे'मधलं शास्त्र म्हणजे यहुद्यांचं. दुसरं शास्त्र तेव्हा नव्हतंच. फादर थॉमस स्टीफन्सना हे बरोबर कळलं होतं. 1616 साली छापून निघालेलं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचताना त्यांनी 'पहिलें पुराण' खर्च केलं ते येशूच्या आधीच्या कथेवर, येशू आला तो 'दुसऱ्यां'त. आपल्याकडे मात्र येशू म्हटलं की गोरा साहेब आणि पाव डोळ्यांपुढे येतो. खरं तर यहुदी म्हणजे काय हे कोकणाला साहेबाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' म्हणजे आपले बेने इस्रायल. मलिद्याच्या वेळी ते एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेतात. आता मार्काचं शुभवर्तमान उघडा. काही लोक येशूला बघून म्हणतात, हा एलियाच (म्हणजे तोच एलियाहू) असला पाहिजे. आणि शेवटी क्रुसावरून तो 'एलोई, एलोई, लमा सबक्थनी' (माझ्या देवा, माझ्या देवा, मला का सोडलंस) अशी आरोळी ठोकतो तेव्हा जवळ उभे असलेले म्हणतात, ऐका, हा एलियाला बोलावतोय. कथेचं मूळ शोधायचं तर या घरात शोधावं लागतं, जिथे संकटात एलिया येईल असं माणसांना मनापासून वाटतं. ग्रीक पुस्तकात मधेच तसंच्या तसं ठेवलेलं ते अरामी वाक्य मराठी बायबलातही तसंच राहिलं आहे.

यहुदी शास्त्र वाचायचं, पण ग्रीकमधून वाचायचं, यामुळे एक गाजलेली अडचण झाली. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहाज राजाला खूण दिली आहे, की एक 'अल्मा' गरोदर राहील आणि मुलाला जन्म देईल. अल्मा म्हणजे वयात आलेली तरुण मुलगी. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात शत्रू दाराशी आलेल्या राजाला सांगितलेली ही गोष्ट त्याच्याच काळापुरती आहे. हे मूल कळतं होण्याआधी तुझे शत्रू संपलेले असतील, असा तिचा रोख. पुढे यहुद्यांनीच शास्त्र ग्रीकमध्ये आणलं तेव्हा इथे शब्द पडला 'पार्थेनोस', आणि त्याचा अर्थ कुमारिका असा घेता येतो. शुभवर्तमानकार मत्तयानं ते ग्रीक वाचून येशूच्या जन्माला लावलं. यावरून वाद आजचा नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहून ठेवला आहे. त्यात त्रिफो हेच म्हणतो, की तुम्ही शब्द चुकीचा वाचताय, तिथे तरुणी आहे.

मग मत्तय लबाड ठरतो का? माझ्या मते नाही. हातात होतं ते त्यानं वाचलं, आणि जुन्या वचनात नवा अर्थ बघायची ती यहुदी रीतच होती. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत 1947 पासून सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये त्या काळच्या दुसऱ्या एका यहुदी पंथानं हबक्कूक संदेष्ट्याच्या ओळी अशाच स्वतःच्या गुरूला आणि स्वतःच्या शत्रूंना लावून दाखवल्या आहेत. पण म्हणून 'सातशे वर्षं आधी हुबेहूब भाकीत केलं होतं' हे प्रवचनातलं वाक्यही टिकत नाही. दोन्ही गोष्टी एकदम मान्य करायला जड जातात, एवढंच.

शुभवर्तमानं आली ती येरुशलेमचं मंदिर रोमनांनी इ. स. 70 मध्ये उद्ध्वस्त केलं त्या सुमारास आणि नंतर. आधी मार्क, मग त्याच्या आधारानं मत्तय आणि लूक, शेवटी योहान. मूळ मजकुरात लेखकाचं नाव एकातही नाही, ही नावं परंपरेनं मागाहून चिकटली. त्यांचा एकमेकांशी मेळ कितपत बसतो? मत्तयाच्या मते येशू जन्मला तो हेरोद राजाच्या हयातीत, आणि हेरोद ख्रिस्तपूर्व 4 मध्ये वारला. लूक म्हणतो सीरियाचा रोमन सुभेदार क्विरिनिय याच्या शिरगणतीच्या वेळी, आणि ती इ. स. 6 मधली. निदान नऊ-दहा वर्षांची तफावत. ती मिटवायला लोकांनी शतकानुशतकं काय काय कसरती केल्या आहेत.

एकानं मात्र सरळ उपाय केला. दुसऱ्या शतकात सीरियाच्या तातियाननं चार शुभवर्तमानं कापून, जोडून, पुनरुक्ती काढून एक सलग पुस्तक केलं. लोकांना ते आवडलं, सिरियाक भाषेच्या मंडळ्यांत दोन-अडीचशे वर्षं तेच वाचलं जाई. पाचव्या शतकात थिओडोरेट बिशप आपल्या मुलखात फिरला तेव्हा त्याला या पुस्तकाच्या दोनशेहून अधिक प्रती चर्चमधून मिळाल्या. त्या त्यानं काढून टाकल्या आणि त्या जागी एकमेकांशी न जुळणारी चार ठेवली. पुस्तकं दडपली गेली नाहीत असं मी म्हणत नाही. हे तर दडपल्याचं ढळढळीत उदाहरण आहे. पण दडपलं काय? विसंगती झाकणारं पुस्तक. ठेवली ती विसंगती.

यादीचाही जन्म असाच वादातून. बंद यादी करणारा पहिला माणूस म्हणून आपल्याला माहीत आहे तो मार्शियन, काळ्या समुद्राकाठचा गलबतवाला. त्याचं म्हणणं, यहुद्यांचा देव वेगळा आणि येशूचा बाप वेगळा. जुनं शास्त्र टाकून द्या. त्यानं छाटलेला लूक आणि पौलाची दहा पत्रं, एवढंच प्रमाण धरलं. 144 साली रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं, आणि त्यानं आल्या आल्या दिलेली दोन लाख सेस्टर्सची देणगीही परत केली. (देणगी परत करण्याची ही रीत पुढे फारशी रुजलेली दिसत नाही.) त्यानंतर बाकीच्यांना आपली यादी काय ते बोलावं लागलं. 180 च्या सुमारास इरेनियस हा बिशप सांगतो की शुभवर्तमानं चारच असायची, कारण दिशा चार आणि वारेही चार. युक्तिवाद म्हणून हे हसण्यासारखं आहे. पण चार पुस्तकं लोकांच्या हातात रुळलेली होती म्हणून तर त्याला कारण शोधावं लागलं. नायसियाच्या दीडशे वर्षं आधी, जेव्हा ख्रिस्ती असणं हाच गुन्हा ठरू शकत होता तेव्हा.

गुन्हा कसा ठरत होता तेही ज्या प्रांतात नायसिया आहे तिथूनच कळतं. 112 च्या सुमारास प्लिनी तिथला रोमन सुभेदार होता. त्यानं ट्राजन बादशहाला विचारलं, या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? चौकशीसाठी त्यानं मंडळीत 'सेविका' म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ करून पाहिला. हाती लागलं ते इतकंच, की हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून भजन म्हणतात आणि चोरी, व्यभिचार न करण्याची शपथ घेतात. कुठल्या पुस्तकाचा त्या पत्रात उल्लेखही नाही.

आज रूढ असलेली बरोबर 27 पुस्तकांची यादी पहिल्यांदा दिसते ती 367 साली, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ईस्टरपत्रात. हा माणूस तरुणपणी नायसियाला हजर होता. तरी यादी देताना तो नायसियाचं नाव घेत नाही. आणि ती सगळीकडे चालली असंही नाही. सिरियाक बायबलात, ज्याला पेशित्ता म्हणतात, नव्या कराराची मुळात 22 पुस्तकं होती, आज शेवटी येणारं प्रकटीकरण त्यात नव्हतंच. केरळच्या जुन्या ख्रिस्ती परंपरेचं शास्त्र हे. सहाव्या शतकातला दर्यावर्दी कॉस्मस लिहितो की 'कल्लियाना' इथे इराणातून नेमलेला बिशप आहे. हे आपलं ठाणे जिल्ह्यातलं कल्याण, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. ते खरं असेल तर कल्याणच्या त्या लोकांनी प्रकटीकरणाचं पान कदाचित कधी पाहिलंही नसेल.

आता आपल्याकडे वळतो, कारण हे लिहायला घेतलं ते त्यासाठी. येशू काश्मीरला आला होता, लडाखच्या हेमिस मठात शिकला होता, हे आपल्याकडे सुशिक्षित माणसंही छातीठोकपणे सांगतात. 1894 मध्ये निकोलस नोटोविच नावाच्या रशियन गृहस्थानं हे पॅरिसमध्ये छापलं. 1895 मध्ये आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस मुद्दाम हेमिसला जाऊन आले. मठाच्या प्रमुख लामांनी सांगितलं, असा ग्रंथ इथे नाही आणि असा कुणी माणूस येऊन वाचून गेलेला नाही. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी गोष्ट चालूच आहे. ती आपल्याला सुखावते, कारण तिच्यात परक्याचा देवही शेवटी आपलाच विद्यार्थी निघतो. पौलाच्या पत्रांना 'पुरावा काय' म्हणून विचारणारा माणूस हेमिसला पुरावा मागत नाही, हे माझ्या डोळ्यांत खुपतं.

आणि उलटही. आपल्या ग्रंथाला हे प्रश्न विचारले की भावना दुखावतात. खरं तर या कामाची मराठीला लाज वाटायचं कारण नाही. ज्ञानेश्वरी 1290 ची, नाथांनी तिची शुद्ध प्रत केली 1584 मध्ये. येशूपासून नायसियापर्यंत जवळजवळ तेवढीच वर्षं जातात. नाथ स्वच्छ सांगतात की ग्रंथ मुळात शुद्ध होता, पाठांतरांनी बिघडला. आणि यापुढे जो कुणी स्वतःची ओवी त्यात घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं, अशी तंबीही देतात. म्हणून ज्ञानेश्वरी एकनाथांनी बनवली असं कुणी म्हणत नाही. नाथांच्या आधी तिच्यात एकही ओवी उपरी नव्हती, असंही म्हणता येत नाही. हाच न्याय पौलाला आणि मार्काला लावायला काय हरकत आहे?

पुण्यात भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 अशी 47 वर्षं घालून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली ती याच रीतीनं, देशभरच्या पोथ्या शेजारी शेजारी मांडून. तिचे संपादक सुकथनकर यांनी गणपती लेखनिक झाल्याची गोष्ट मूळ संहितेतून काढून परिशिष्टात नेली. घराघरांत ती अजून सांगितली जाते, आणि सांगावी. पण पोथ्यांचं म्हणणं काय आहे ते पुस्तक उघडून कुणालाही बघता येतं.

नव्या करारातही अशी एक गोष्ट आहे. व्यभिचारात पकडलेल्या बाईला लोक येशूपुढे आणतात, तो खाली वाकून बोटानं जमिनीवर काहीतरी लिहीत राहतो, आणि मग म्हणतो, तुमच्यातला जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड मारावा. बायबल न वाचलेल्यालाही एवढं माहीत असतं. योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही गोष्ट नाही. आजच्या बहुतेक आवृत्त्यांत ती कंसात किंवा तळटीपेसह छापतात. नाथांच्या भाषेत ही नरोटीच म्हणायची. जुन्या लेखनिकांनाही संशय होता; काहींनी समासात खुणा करून ठेवल्या आहेत. आणि हस्तलिखितांच्या एका गटात ती योहानात नाहीच, थेट लूकमध्ये, एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी आणून बसवलेली आहे. कुणा लेखनिकाला ती टाकवेना, आणि ठेवायची कुठे तेही उमगेना.